कॉलेजमध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांनी सोयी कशा मागायच्या: अर्ज, रायटर, जादा वेळ, सगळं सविस्तर

ॲडमिशन झालं, आयकार्ड मिळालं, लेक्चर सुरू झाले, आणि मग पहिली सेमिस्टर परीक्षा आठवड्यावर आली की फोन सुरू होतात, "रायटर मिळेल का हो कुठे?", "कॉलेज म्हणतंय आता उशीर झाला, युनिव्हर्सिटीची परमिशन लागते", "सिव्हिलचं सर्टिफिकेट आणा म्हणतायत, बोर्ड तर पुढच्या आठवड्यात बसणार". रायटर म्हणजे आपण सांगू ते उत्तर लिहून देणारा लेखनिक, आणि बोर्ड म्हणजे सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दिव्यांगत्व तपासणारे डॉक्टर. यात पोरांचा दोष नाही, कारण बहुतेक कॉलेजांच्या प्रॉस्पेक्टसमध्ये यातलं काहीच धड लिहिलेलं नसतं आणि ऑफिसमधल्या क्लार्कलाही नीट माहीत नसतं. म्हणून हे लिहितोय. मुख्य सांगायचं ते इतकंच की सोय लवकर मागायची, लेखी मागायची आणि नेमकी मागायची. बाकी सगळं हे तीन कसे करायचे त्याचंच आहे.

थोडा कायदा आधी, कारण ऑफिसात बोलताना तो तोंडपाठ लागतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा सध्याचा कायदा, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. जुन्या १९९५ च्या कायद्यात ७ प्रकार होते, यात २१ आहेत. म्हणजे आता फक्त अंध, मूकबधिर आणि अस्थिव्यंग एवढंच नाही, तर स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी, ऑटिझम, मानसिक आजार, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया असे रक्ताचे आजार, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, ॲसिड हल्ल्यातून वाचलेले, हे सगळे त्यात येतात. खूप पोरांना आपण यात बसतो हेच माहीत नसतं, विशेषतः सिकलसेल आणि मानसिक आजारवाल्यांना.

या कायद्याचं कलम १७ वाचून ठेवा, प्रिंट काढून फाइलमध्ये ठेवलंत तर आणखी चांगलं. त्यात अभ्यासक्रमात आणि परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करायचे असं स्पष्ट म्हटलंय, पेपरला जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट ही उदाहरणं त्यातच आहेत. कलम ३२ म्हणजे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयाच्या अटीत ५ वर्षांची सूट.

आता सगळ्यात जास्त घोळ कुठे होतो ते बघा. राखीव जागेसाठी ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं. पण कॉलेजवाले तोच ४० चा आकडा रायटर आणि जादा वेळेलाही लावतात, आणि ३० टक्केवाल्या पोराला सरळ परत पाठवतात. हे चुकीचं आहे. ११ फेब्रुवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या केसमध्ये सांगितलं की लिहायला खरोखर अडचण असेल तर ४० टक्के नाहीत म्हणून रायटर नाकारता येणार नाही. त्या उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प होता, म्हणजे पेन धरलं की हात आखडतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अवनी प्रकाशच्या केसमध्ये, जी नीट परीक्षेत जादा वेळ नाकारल्याची होती आणि विद्यार्थिनीला डिस्ग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली अडचण, होती, कोर्टाने हेच पुन्हा ठणकावून सांगितलं. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला केंद्राने ४० टक्क्यांखालच्या पण लिहायला अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या गाइडलाइन्स काढल्या. ऑफिसात कोणी ४० टक्के म्हणालं की शांतपणे ही तारीख सांगायची.

पहिली पायरी: स्वतःच्या अडचणींची यादी

अर्ज लिहायला बसण्याआधी एका कागदावर, किंवा मोबाइलवर रेकॉर्ड करून, एक पूर्ण दिवस कॉलेजमध्ये कुठे कुठे अडतं ते उतरवून काढा. आजाराचं नाव नको, अडचण लिहा. कारण "मी अल्पदृष्टी आहे, सवलत मिळावी" असा अर्ज दिला की समोरचा माणूस त्याच्या मनाने काहीतरी ठरवतो, आणि बहुतेक वेळा रायटर देऊन मोकळा होतो. तुम्हाला कदाचित रायटर नकोच असेल, मोठ्या टाइपातली प्रश्नपत्रिका आणि खिडकीजवळची जागा मिळाली तर तुम्ही स्वतः लिहू शकत असाल.

तर यादी अशी दिसायला हवी: फळ्यावरचं दिसत नाही, पीपीटीच्या स्लाइड्स आधी मिळाल्या तर मोबाइलवर मोठ्या करून वाचता येतील. प्रॅक्टिकलची लॅब तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट बंद असते. सर फळ्याकडे तोंड करून बोलतात त्यामुळे ओठ दिसत नाहीत. सलग तासभर लिहिलं की हात थरथरतो. औषधामुळे सकाळी आठच्या लेक्चरला डोकं चालत नाही. प्रत्येक अडचणीपुढे काय केलं तर ती सुटेल ते लिहा, जमेल तेवढं स्वस्त आणि सोपं. अनुभव असा आहे की मागणी जितकी नेमकी तितकी ती लवकर मान्य होते.

सिकलसेलबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्यात आणि इकडे नंदुरबारकडे हा आजार खूप आहे आणि या पोरांचं दिव्यांगत्व बाहेरून दिसत नाही, त्यामुळे "चांगला धडधाकट तर आहेस" हे त्यांना सतत ऐकावं लागतं. वेदनेचा झटका आला की चार-सहा दिवस पोरगं हॉस्पिटलमध्ये, मग ७५ टक्के हजेरीचा प्रश्न येतो, इंटर्नल टेस्ट बुडते. या पोरांनी अर्जात तीन गोष्टी हमखास मागाव्यात: दवाखान्याच्या कागदांवर हजेरीत सूट, बुडालेली इंटर्नल पुन्हा देण्याची संधी, आणि परीक्षेत पाण्याची बाटली जवळ ठेवायची, वॉशरूमला जायची मोकळीक, कारण अंगातलं पाणी कमी होणं आणि थंडी या दोन्हींनी झटका येऊ शकतो. एसी हॉलमध्ये थेट वाऱ्याखाली बसवू नका हेही लिहा.

दुसरी पायरी: कागद

एक, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा, मग दिलेल्या हॉस्पिटलमध्ये तपासणी. ४० टक्क्यांखाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं कार्ड मिळतं. पांढरं कार्ड मिळालं म्हणून निराश होऊ नका, वर सांगितलंच की सोयींसाठी तेही चालतं. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये दिव्यांग बोर्ड रोज बसत नाही, ठरलेल्या वारी बसतो, तो वार आधी फोन करून विचारा नाहीतर एसटीचं भाडं आणि दिवस दोन्ही वाया.

दोन, लिहायला अडचण असल्याचं सर्टिफिकेट. २९ ऑगस्ट २०१८ च्या केंद्राच्या परीक्षा-गाइडलाइन्सप्रमाणे अंधत्व, दोन्ही हात बाधित असलेलं अस्थिव्यंगत्व आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूमुळे हालचालींवर नीट ताबा नसणं) या तिघांना मागितला की रायटर द्यायचाय, वेगळं सर्टिफिकेट लागत नाही. बाकीच्यांना मात्र सिव्हिल सर्जन किंवा सरकारी दवाखान्याच्या मेडिकल सुपरिटेंडंटकडून "या व्यक्तीला लिहिताना शारीरिक मर्यादा आहे आणि रायटर गरजेचा आहे" अशा अर्थाचं पत्र ठरलेल्या नमुन्यात घ्यावं लागतं. नमुना गाइडलाइन्सच्या शेवटी जोडलेला आहे, तो प्रिंट काढून सोबत न्या, डॉक्टरांकडे तो असेलच असं नाही.

तीन, लर्निंग डिसॅबिलिटीवाल्यांसाठी खास. डिस्लेक्सिया, डिस्ग्राफिया, डिस्कॅल्क्युलिया (वाचन, लेखन आणि गणितातली अडचण) याचं सर्टिफिकेट बऱ्याच पोरांकडे दहावीचं असतं, आणि त्यावर सगळं चालेल असं वाटतं. पण केंद्राच्या नियमात ही तपासणी १४ व्या आणि १८ व्या वर्षी परत करायची आहे, आणि १८ व्या वर्षी मिळालेलं सर्टिफिकेट मग कायमचं. तेव्हा बारावीनंतरच्या सुट्टीतच नंबर लावा, मुंबईत सायन आणि नायर हॉस्पिटलला यासाठी गर्दी असते, वेटिंग लांब असतं.

या सगळ्याचे स्कॅन मोबाइलमध्ये आणि झेरॉक्सचे चार-पाच सेट घरात कायम तयार ठेवायचे.

तिसरी पायरी: कोणाला भेटायचं

युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) धोरणाप्रमाणे युनिव्हर्सिटी-कॉलेजांत इक्वल ऑपॉर्च्युनिटी सेल, म्हणजे समान संधी कक्ष, असायला हवा, आणि युजीसीने २०२२ मध्ये उच्च शिक्षणसंस्थांसाठी ॲक्सेसिबिलिटीच्या गाइडलाइन्सही काढल्यात. प्रत्यक्षात काही ठिकाणी सेल जोरात चालतो, काही ठिकाणी त्याचा कोऑर्डिनेटर कोण आहे हे ऑफिसलाच शोधावं लागतं. नोटीस बोर्ड बघा, वेबसाइट बघा, नाही सापडलं तर सरळ प्रिन्सिपॉलना भेटा. सोबत तुमचा क्लास टीचर किंवा एचओडी यांच्यापैकी जो समजून घेणारा आहे त्याला आधी विश्वासात घ्या, कारण रोजच्या वर्गातल्या गोष्टी त्यांच्याच हातात असतात. आणि कॉलेजचा परीक्षा विभाग. तिथला माणूस ओळखीचा करून ठेवा, सेमिस्टरच्या शेवटी तोच कामी येतो.

आईवडिलांना एक विनंती. पहिल्या भेटीला सोबत जा, पण बोलू द्या पोरालाच. स्वतःची अडचण स्वतः सांगायची सवय इथेच लागते.

चौथी पायरी: अर्ज, आणि त्याची पोच

तोंडी "हो हो, बघू, काळजी करू नकोस" यावर कधीही थांबू नका. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण त्याची बदली होते, परीक्षेच्या दिवशी तो रजेवर असतो आणि वर्गावरच्या सुपरवायझरला काही माहीत नसतं. अर्ज एका पानात बसवा. साधारण असा:

"मा. प्राचार्य यांस, विषय: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार वर्गात व परीक्षेत सोयी मिळण्याबाबत. महोदय/महोदया, मी आपल्या महाविद्यालयात एफवाय बीए मध्ये शिकत आहे. मला अल्पदृष्टी आहे, यूडीआयडी कार्डाची प्रत जोडली आहे. माझ्या अडचणी व त्यासाठी लागणाऱ्या सोयी अशा: १) फळ्यावरचे दिसत नाही, त्यामुळे नोट्स व स्लाइड्स आदल्या दिवशी युनिकोडमध्ये मिळाव्यात. २) सर्व अंतर्गत व सत्र परीक्षांत प्रत्येक तासाला २० मिनिटे जादा वेळ मिळावा. ३) प्रश्नपत्रिका मोठ्या टाइपात मिळावी. ४) आकृती व नकाशाच्या प्रश्नांना पर्यायी प्रश्न मिळावेत. वरील सोयी संपूर्ण अभ्यासक्रमासाठी मंजूर कराव्यात व संबंधित शिक्षक आणि परीक्षा विभाग यांना तसे लेखी कळवावे, ही विनंती."

शेवटची ओळ विसरू नका, शिक्षकांना लेखी कळवावं ही. ती नसली तर मंजुरीचा कागद ऑफिसच्या फाइलमध्येच राहतो.

दोन प्रती न्यायच्या, एक आवक विभागात द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा. पोच द्यायला कोणी टाळाटाळ केली तर तोच अर्ज कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठवा किंवा रजिस्टर पोस्टाने. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र, त्यात आधीच्या अर्जाचा आवक नंबर टाकून.

युनिव्हर्सिटीच्या सेमिस्टर परीक्षेचा फॉर्म भरताना दिव्यांगत्वाचा रकाना असेल तर तो न चुकता भरा, आणि आपल्या युनिव्हर्सिटीचं दिव्यांग सवलतीचं परिपत्रक मागून घ्या. प्रत्येक युनिव्हर्सिटीचं आपापलं असतं, मुदत, फॉर्म, कोणाची सही लागते हे त्यात असतं.

पाचवी पायरी: वर्ग, पुस्तकं, लॅब

सगळ्यांचं लक्ष परीक्षेवर असतं, पण शिकणं होतं ते वर्गात आणि पुस्तकांतून. अंध आणि अल्पदृष्टी पोरांचा सगळ्यात मोठा वैताग म्हणजे मराठी नोट्स. सर अजूनही श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप करतात, आणि स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ते निव्वळ निरर्थक अक्षरं म्हणून वाचतं. फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे स्क्रीन रीडरला वाचता येणाऱ्या टायपिंगमध्ये, द्या एवढी एकच मागणी मान्य झाली तर अर्धं काम झालं. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, मराठी वाचतो, कॉलेजच्या लायब्ररीतल्या निदान एका कॉम्प्युटरवर टाकून द्या असं अर्जात लिहा, पैसे लागत नाहीत त्यामुळे नाही म्हणायला कारण उरत नाही.

पुस्तकं स्कॅन करायला लायब्ररीयन कॉपीराइटची भीती घालतात. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक रूपांतरित करायला परवानगी आहे. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन लायब्ररीतही बघा, तयार पुस्तक मिळालं तर स्कॅनिंगची मेहनत वाचते. मुंबईतल्यांसाठी सेंट झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिहीनांसाठीचं रिसोर्स सेंटर २००३ पासून काम करतंय.

कर्णबधिर विद्यार्थ्यांनी पुढची जागा, शिक्षकांचा चेहरा दिसेल असं बसणं, व्हिडिओला सबटायटल आणि महत्त्वाच्या सूचना तोंडी न देता ग्रुपवर लिहून, एवढं मागावं. साइन लँग्वेजचा दुभाषा हवा असेल तर वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत दुभाष्यांचं प्रशिक्षण होतं, तिथे चौकशी करायला कॉलेजला सांगा. मोबाइलवर बोलणं अक्षरात दाखवणारी फुकट ॲप्स मराठीतही चालतात, पण वर्गात फोन वापरायची परवानगी लेखी घ्या, नाहीतर एखादे सर फोन जप्त करतात.

व्हीलचेअरवाल्यांनी टाइमटेबल लागायच्या आधी टाइमटेबल कमिटीला गाठायचं. रॅम्प बांधायला वर्षं जातात, पण एका वर्गाची खोली तळमजल्यावर आणायला फक्त टाइमटेबलमध्ये अदलाबदल लागते. लॅबमध्ये कमी उंचीचं एक टेबल आणि हाताने काम करायला एक मदतनीस, ज्याला काय करायचं ते तुम्ही सांगाल, हे चालतं.

सहावी पायरी: रायटर आणि वेळ

वेळेचा हिशोब पाठ करून ठेवा. तासाला किमान २० मिनिटं. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, अडीच तासांना ५० मिनिटं, दोन तासांना ४०, अर्ध्या तासाच्या टेस्टला १०. रायटर घेतला नाही तरी हा वेळ मिळतो, हे फार कमी जणांना माहीत आहे. इंटर्नल, एमसीक्यू, कॉम्प्युटरवरची परीक्षा, सगळीकडे मागा. ऑनलाइन टेस्ट टायमर संपला की आपोआप बंद होते, त्यामुळे तुमच्या लॉगिनला वेळ वाढवून ठेवलाय का हे आदल्या दिवशी तपासायला सांगा. परीक्षेसाठी दिलेला कॉम्प्युटर एक दिवस आधी बघायची मुभा २०१८ च्या गाइडलाइन्समध्ये आहेच.

रायटर तुम्ही स्वतः आणू शकता किंवा संस्थेकडे मागू शकता. स्वतःचा आणला तर त्याचं शिक्षण तुमच्यापेक्षा एक पायरी खाली असावं असं २०१८ च्या गाइडलाइन्समध्ये आहे, आणि युनिव्हर्सिटीच्या परिपत्रकात दुसऱ्या शाखेचा असावा वगैरे आणखी अटी असू शकतात, त्या वाचा. संस्थेने दिला तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटायची परवानगी आहे. वेगवेगळ्या भाषांच्या पेपरला वेगळे रायटर घेता येतात. स्पर्धा परीक्षांचे रायटरचे नियम मात्र बदलत असतात, तिथे त्या त्या जाहिरातीतलेच नियम धरा.

रायटर निवडताना नुसता "येतो" म्हणणारा नको. त्याचं अक्षर वाचता येतं का, शुद्ध मराठी लिहितो का, तुमच्या विषयातले शब्द ऐकून बरोबर लिहितो का हे बघा. एक जुना पेपर घेऊन घड्याळ लावून पूर्ण लिहून काढा, मध्ये कुठे थांबायचं, परिच्छेद कुठे सोडायचा, अधोरेखित काय करायचं, खोडायचं असेल तर कसं सांगायचं, हे ठरवून घ्या. सांगणाऱ्याचा वेग आणि लिहिणाऱ्याचा वेग एकत्र बसायला सराव लागतो. आणि एक जादाचा रायटर मनात ठेवा, कारण मार्च-एप्रिलमध्ये त्याची स्वतःची परीक्षा तुमच्या तारखेला येते, दरवर्षी कोणाचं तरी असं होतं. नाव बदलायचं झालं तर लगेच लेखी कळवा, सोबत त्याचं आयकार्ड, फोटो आणि हमीपत्र.

रायटरने फक्त सांगितलं तेच लिहायचं. चूक दिसली तरी सुधारायची नाही. हे त्यालाही स्पष्ट सांगा, तुमच्या विश्वासार्हतेचा प्रश्न आहे आणि पुढच्या पोरांच्या सवलतीचाही.

ब्रेल, कॉम्प्युटर, मोठा टाइप, उत्तरं रेकॉर्ड करणं, असे पर्यायही गाइडलाइन्समध्ये आहेत. गणितासाठीची टेलर फ्रेम, ब्रेल स्लेट, अबॅकस, बोलणारा कॅल्क्युलेटर न्यायला परवानगी आहे. ज्याला टायपिंग येतं त्याने रायटरच्या भरवशावर न राहता कॉम्प्युटर मागून बघावा असं मला मनापासून वाटतं, आपलं उत्तर आपल्या हाताने लिहिण्याचं समाधान वेगळंच असतं.

परीक्षेच्या दिवशी मंजुरीचं पत्र, यूडीआयडी, हॉल तिकीट, रायटरचं आयकार्ड, आणि पत्राची एक जादा झेरॉक्स सुपरवायझरला द्यायला. किमान पाऊण तास आधी पोचा. बसायची खोली वेगळी आहे का, तळमजल्यावर आहे का बघा, कारण दोघं बोलत असताना इतरांनाही त्रास होतो आणि तुम्हालाही मोकळेपणाने सांगता येत नाही. पेपर सुरू झाल्याची आणि तुमचा संपायची वेळ सुपरवायझरकडून त्याच वेळी कागदावर लिहून घ्या. मध्येच शिफ्ट बदलली की नवे सुपरवायझर तीन तास झाल्यावर पेपर ओढायला येतात.

सातवी पायरी: नाही म्हणाले तर

आधी लेखी नकार मागा, कारणासकट. निम्म्या वेळा लेखी द्यायची वेळ आली की नकार मागे घेतला जातो. दिला तर त्याच पायऱ्या वर चढायच्या: प्रिन्सिपॉल, मग युनिव्हर्सिटीचा परीक्षा विभाग आणि तिथला सेल, कुलगुरूंना प्रत. अनुदानित किंवा सरकारी कॉलेज असेल तर माझ्या अर्जाचं काय झालं हे माहिती अधिकारातही विचारता येतं, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

त्यानंतर राज्याचे दिव्यांग आयुक्त, ऑफिस पुण्यात. साध्या कागदावर तक्रार, सोबत सगळ्या अर्जांच्या पोच, नकाराचं पत्र. वकील लागत नाही. चौकशीसाठी त्यांना दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, आणि त्यांनी शिफारस केली तर संबंधित संस्थेने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. इथे कळतं की पोच का जपून ठेवायची. परीक्षा अगदी तोंडावर असेल आणि हायकोर्टात जायची वेळ आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, १९८७ च्या कायद्याप्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. ते ऑफिस बहुतेक जिल्हा कोर्टाच्या आवारातच असतं.

आणि परीक्षा झाली, सोयी मिळाल्या, तर कॉलेज सोडताना एक पत्र मागून घ्या: या विद्यार्थ्याला अमुक वर्षांत अमुक सोयी दिल्या होत्या. एमए, बीएड, लॉ कुठेही गेलात तरी नव्या ऑफिसात अर्जाला हे पत्र जोडायचं, म्हणजे "असं आमच्याकडे कधी केलं नाही" या वाक्याला उत्तर हातात असतं.